सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी पाठ असाव्याच लागतात. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे इथला माणूस छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण हे दोन वार त्याला झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही.

ही माहिती त्याला स्वतःसाठी लागत नाही, पाहुण्यांसाठी लागते. दिवाळी सरली, हवेत गारवा आला की पुण्याहून, ठाण्याहून, नागपूरहून, झालंच तर न्यू जर्सीहून फोन यायला लागतात. ‘‘दादा, आम्ही रविवारी रात्री पोचतोय. तू अजिबात धावपळ करायची नाहीस. ह्यांनी सगळं नीट ठरवलंय. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, बुधवारी सकाळची गाडी. हॉटेलचे पैसेही भरलेत. परत मिळत नाहीत ते.’’

दादा क्षणभर गप्प. आठवड्याचे सात वार. दोन ठिकाणांसाठी दोन वेगळे वार निवडायचे तर एकूण बेचाळीस प्रकारे निवडता येतात. त्या बेचाळिसांत दोन्हीकडे बंद दरवाजा दाखवणारी जोडी एकच आहे. महाराष्ट्रातले निम्मे दाजी नेमकी तीच निवडतात.

यात दाजींचा फारसा दोष नाही. शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांनी ‘अजिंठा-वेरूळ’ एका दमात, याच क्रमाने म्हटलेलं. आधी अजिंठा, मग वेरूळ. रविवार प्रवासात घालवायचा आणि सोमवारी कामाला लागायचं, ही नोकरदार माणसाची सवयही अंगात मुरलेली. दोन्ही एकत्र आल्या की घात झालाच म्हणून समजा. वास्तविक उलटं केलं, म्हणजे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, की काम फत्ते. पण हे ऐकल्यावर पलीकडून उत्तर येतं, ‘‘अरे, पण ह्यांनी एक्सेलमध्ये केलंय.’’

त्या जोडनावाने आणखी एक घोटाळा करून ठेवला आहे. एका दमात उच्चारलेली गावं एका दमात बघून होतील, असं लोकांना वाटतं. वेरूळ शहरापासून तीस किलोमीटरवर, वायव्येला. अजिंठा शंभर किलोमीटरवर, ईशान्येला. एकाला जायचं तर दौलताबादकडे निघायचं, दुसऱ्याला जायचं तर फुलंब्री-सिल्लोडकडे. युनेस्कोने दोघांना १९८३ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित केलं, तेही दोन वेगळ्या नोंदी करून. तरी ‘‘वेरूळ वाटेत करून पुढे अजिंठ्याला जाऊ’’ हा बेत दर वर्षी कुणीतरी नव्याने आखतंच. असा बेत ऐकून इथले टॅक्सीवाले हसत नाहीत. ते फक्त किलोमीटरचा दर सांगतात.

आता दाजींचा तक्ता. सात वाजता निघणे. नऊला अजिंठा. नऊ ते अकरा लेणी. एकला परत येऊन जेवण. दुपारी पैठणी खरेदी. संध्याकाळी मकबरा. तक्ता कागदावर फार सुंदर दिसतो, कारण त्यात माणसं नाहीत. प्रत्यक्षात सात वाजता आंघोळीचा तिसरा नंबर लागलेला असतो. पोहे होतात. कुणाची तरी गोळी राहिलेली असते, ती आणायला कुणीतरी वर जातं. सिल्लोडला चहा घेतल्याशिवाय मराठवाड्यातला प्रवास पूर्ण होत नाही. मग अजिंठा गाव येतं, गाडीत ‘‘आलं, आलं’’ होतं. पण लेणी तिथे नाहीत. गाव मागे टाकून, घाट उतरून फर्दापूरच्या अलीकडे टी-पॉइंटला पोचायचं. तिथे गाडी ठेवायची. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने. बस भरल्यावर सुटते.

आणि बसपर्यंत पोचायला दुकानांच्या गल्लीतून जावं लागतं. ही गल्ली दाजींच्या एक्सेलमध्ये कधीच नसते. इथे माळा आहेत, टोप्या आहेत, आणि मुख्य म्हणजे दगड आहेत. बाहेरून मातकट, आतून स्फटिकांनी लखलखणारे. दख्खनच्या बसाल्ट खडकातल्या पोकळ्यांमध्ये हे स्फटिक तयार होतात. ज्या खडकात लेणी कोरली तोच हा खडक. विक्रेते अत्यंत प्रेमळ. ‘‘आता घेऊ नका ताई, नुसतं बघा. येताना या. माझं नाव लक्षात ठेवा.’’ येताना ते स्वतः ताईंचं नाव लक्षात ठेवून उभे असतात. बुधवारच्या गाडीत दाजींची बॅग उचलवत नाही, त्याचं कारण अजिंठ्याचं अस्सल बसाल्ट.

तिकिटाच्या खिडकीपाशी आणखी एक नाट्य घडतं. भारतीयांना चाळीस रुपये, परदेशी पाहुण्यांना सहाशे. पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. न्यू जर्सीच्या पुतण्याजवळ अमेरिकन पासपोर्ट. तो काउंटरवर अस्खलित मराठीत बोलतो, आजीला पुढे करतो, गावाचं नाव सांगतो. ओसीआय कार्ड असलेल्याला भारतीयांच्याच दराने तिकीट मिळतं. पण ते कार्ड हॉटेलातल्या तिजोरीत सुरक्षित ठेवलेलं असतं. ‘‘हरवायला नको म्हणून.’’ दाजी पाचशेसाठ रुपयांचा फरक डॉलरमध्ये काढून बघतात. पुतण्या म्हणतो, काका, राहू द्या. काका राहू देत नाहीत; प्रश्न पैशांचा नसतो, तत्त्वाचा असतो. या तत्त्वावरून आपल्याकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं सरकारला नावं ठेवली. मग पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने २०२६ च्या जानेवारीपासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांचं तिकीट बत्तीस युरो केलं, युरोपातल्यांसाठी मात्र जुनाच दर ठेवला. तेव्हापासून टीकेची धार जरा बोथट झाली आहे.

तर, अकरा वाजून गेल्यावर मंडळी लेण्यांसमोर उभी. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर एका ओळीत तीस लेणी. पायऱ्या पाहून मावशी डोलीवाल्यांशी घासाघीस सुरू करतात. बाकीचे पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरतात.

इथे एक गंमत आहे. अजिंठ्याचे क्रमांक काळाप्रमाणे नाहीत, वाटेप्रमाणे आहेत. जे आधी लागलं ते एक, त्याच्या शेजारचं दोन. सर्वांत जुनं लेणं दहावं, इसवी सनाच्याही आधीचं. पहिलं लेणं वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं. म्हणजे एकापासून दहापर्यंत चालत जाणारा माणूस पाचेकशे मीटरही चालत नाही आणि सहाशे वर्षं मागे जातो. हे कळलं तरी क्रम मोडायला कुणी तयार होत नाही. पलीकडच्या टोकाला सव्वीस क्रमांकाच्या लेण्यात सात मीटरहून लांब महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. सतराव्यात जातककथांनी भिंती भरलेल्या आहेत. आधी तिकडे जावं, पाय ताजे आहेत तोवर बघून घ्यावं आणि येताना एकवर यावं, असं जाणकार सांगतात. दाजी म्हणतात, ‘‘एक सोडून सव्वीस? मग एक नंबर दिलाय कशाला?’’ साहजिकच सगळी गर्दी पहिल्या लेण्यात आणि सगळी दमणूक सतराव्यात.

पहिल्या लेण्याबाहेर चपला काढायच्या. आत मोजकीच माणसं सोडतात. फ्लॅश चालत नाही. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर काही मिनिटं काहीच दिसत नाही, नुसता काळोख आणि पुढच्या माणसाची पाठ. हळूहळू डोळे सरावतात. मग भिंतीतून एक खांदा वर येतो, मग मुकुट, मग हातातलं निळं कमळ, आणि खाली झुकलेले ते डोळे. पद्मपाणी. ताई पुटपुटतात, ‘‘अगं बाई...’’ आणि त्याच क्षणी मागून आवाज येतो, ‘‘चला, पुढे चला, बाहेर लाइन आहे.’’

सगळ्या तक्त्यात सातला निघणं आहे, जेवण आहे, खरेदी आहे. डोळे सरावायला लागणारी पाच मिनिटं तेवढी नाहीत.

खरं तर अजिंठा आधुनिक जगाला सापडलं तेच मुळी कुणी काही ठरवलेलं नव्हतं म्हणून. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास सैन्यातला इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता. शंभर टक्के चुकीचा मोसम. एप्रिलच्या शेवटी इथे वाघसुद्धा सावलीत बसून असेल. त्याला समोरच्या कड्यात दहाव्या लेण्याची कमान दिसली. तो आत गेला आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून त्याने ते कोरलं. ढीग उपसल्यावर ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर राहिलं. ऐतिहासिक वास्तूवर नाव कोरू नये, अशी पाटी आज तिथे असते. पण शोधणाऱ्यानेच श्रीगणेशा केला असेल तर पुढच्यांना काय बोलणार?

ज्यांनी नीट ठरवून अजिंठ्याचं काम हाती घेतलं, त्यांचं मात्र काही ना काही बिनसलं. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मेजर रॉबर्ट गिल या सैनिक-चित्रकाराला इथल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. बेत असा की, भिंतीवरची चित्रं ओल आणि वटवाघळं यांनी एक दिवस जातील, निदान त्यांच्या नकला लंडनला सुरक्षित राहतील. गिल आला आणि इथलाच झाला. त्याने वर्षानुवर्षं राबून मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनला गेले, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले, आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळे जळाले. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

सरकारने धडा घेतला नाही. १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन निघाले. महाराष्ट्रातल्या शैक्षणिक सहलींच्या इतिहासात ही सगळ्यात लांबलेली सहल असावी, कारण ती अधूनमधून चालत १८८५ पर्यंत पुरली. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्या चमूत होते. या नकलाही लंडनला गेल्या. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यातल्याही बऱ्याच जळाल्या. सुदैवाने ग्रिफिथ्स यांचं दोन खंडांचं पुस्तक १८९६-९७ मध्ये निघालं. अस्सल भिंती, ज्या जाणार म्हणून एवढा आटापिटा केला, त्या वाघूरच्या काठी ओल सोसत अजून उभ्या आहेत. लेडी हेरिंगहॅम १९०९ पासून दोन हिवाळे इथे तंबू ठोकून राहिल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते. निदान त्यांनी मोसम तरी बरोबर निवडला.

यातली कुठलीही माणसं नऊ ते अकरा या वेळेत लेणी आटोपत नव्हती, एवढं दाजींना सांगून बघावं. ते म्हणतील, ‘‘त्यांना पगार होता.’’

सोमवारच्या वेरूळची कथा आणखी वेगळी. सोमवारी अजिंठा बंद, म्हणून त्या दिवशीचे सगळे पाहुणे वेरूळला वळतात. आणि लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वर. बारावं ज्योतिर्लिंग, वार सोमवार. त्यात श्रावण असला तर पाहायलाच नको. तक्त्यात ‘घृष्णेश्वर - २० मिनिटे’ असं लिहिलेलं असतं. वीस मिनिटांत फार तर रांगेचं शेवटचं टोक सापडतं. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं, म्हणून दाजी शर्ट काढून हातात धरतात, शर्टाच्या खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये तक्ता. शनिवार घ्यावा म्हटलं तर वाटेत खुलताबादला भद्रा मारुती. तिथली शनिवारची गर्दी घृष्णेश्वराला लाजवेल अशी. तात्पर्य, वेरूळला जाण्यासाठी पंचांग आणि पुरातत्त्व खातं, दोघांचीही संमती लागते.

वेरूळला दर्शनी चौतीस लेणी. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. प्रवेशद्वारातून आत गेलं की समोरच सोळावं, कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कळसापासून खाली कोरत आणलेलं. इथे येणाऱ्या बहुतेकांचं वेरूळ सोळापासून सुरू होतं आणि सोळावरच संपतं. तासभर माना वर करून बघून झालं की कुणीतरी विचारतं, ‘‘बाकीची पण अशीच असतील ना?’’ बाकीची अशी नाहीत. दहाव्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, छताला दगडातच लाकडी फासळ्यांसारख्या कमानी काढल्या आहेत. बत्तिसाव्यात, इंद्रसभेत, वरच्या मजल्यावरचे खांब बघताना शेजारी चिटपाखरू नसतं, कारण तिथवर कुणी येतच नाही. एकोणतिसाव्याजवळ पावसाळ्यात धबधबा पडतो. पण पावसाळ्यात दाजींना सुट्टी नसते. सुट्टी मे महिन्यात असते. तेव्हा इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि कैलासाच्या चौकातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवणं ही साधना होते.

शिवाय कैलासाचं तोंड पश्चिमेला. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो, दुपारनंतर उजेड समोरून येतो आणि नक्षी उठून दिसते. टूरच्या बसगाड्या सकाळी येतात. दुपारनंतर त्यांना मकबरा गाठायचा असतो.

या सगळ्यात यजमान कुठे असतो? वाहनतळावर. ‘‘तुम्ही बघून या, मी बसतो गाडीत. मला काय, नेहमीचंच आहे.’’ त्याचं नेहमीचं म्हणजे चौथीची सहल, लग्नानंतर एकदा, आणि त्यानंतर फक्त वाहनतळ. त्याला तिथला भजीवाला नावाने ओळखतो. कुठल्या झाडाची सावली चारपर्यंत टिकते हे त्याला ठाऊक असतं. अजिंठ्याचं सव्वीस क्रमांकाचं लेणं मात्र त्याने पाहिलेलं नसतं, कारण चौथीच्या सहलीत गुरुजींनी सतरापासूनच मुलांना परत फिरवलं होतं. पुरी-भाजीची वेळ झाली होती आणि माकडांनी एकाचा डबा पळवला होता. शहरातला सोनेरी महाल, तिथलं पुराणवस्तूंचं संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचं संग्रहालय, ही ठिकाणं तर त्याला फक्त रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती माहीत. ‘‘महालाच्या अलीकडे डावीकडे घ्या.’’

तो बदलतो तो परदेशी निघाल्यावर. संभाजीनगरकराचा मुलगा शिकायला किंवा नोकरीला युरोपात गेला आणि आईवडिलांचं तिकीट काढलं, की या माणसाचं आयुष्यभराचं शिक्षण कामाला येतं. बाकीचे लोक विचारतात, तिथे थंडी किती, जेवणाचं काय. हा पहिला प्रश्न विचारतो, ‘‘बंद कधी असतं?’’ मुलगा सांगतो, लूव्र मंगळवारी. वडिलांचा चेहरा उजळतो. म्हणजे वेरूळच! आणि ओर्से? सोमवारी. अजिंठाच की! पॅरिस हे त्यांना घरच्यासारखं वाटू लागतं. मग ते जगाचा आठवडा मांडायला बसतात. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन बुधवारी, आणि मुंबईच्या भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच. हे भाऊ दाजी म्हणजे १८६० च्या दशकात अजिंठ्याला जाऊन तिथले शिलालेख वाचणारे. हैदराबादचं सालारजंग शुक्रवारी, आग्ऱ्याचा ताजमहालही शुक्रवारी. व्हॅटिकन रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मात्र उघडं आणि फुकट, म्हणजे गर्दीच्या बाबतीत श्रावणी सोमवार. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम वर्षाचे तीनशेपासष्ट दिवस उघडं. याबद्दल वडिलांना किंचित संशय येतो. झाडतात कधी?

बंदच्या दिवशी संग्रहालयात जाऊन काम साधलेला एकच माणूस इतिहासाला नीट माहीत आहे. १९११ मध्ये लूव्रची सुट्टी सोमवारी असे. त्या वर्षी २१ ऑगस्टला, सोमवारी, पूर्वी तिथे काम केलेल्या व्हिन्सेन्झो पेरुजियाने मोनालिसा भिंतीवरून उतरवली आणि चालता झाला. चित्र जागेवर नाही हे दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, लोक आल्यावर कळलं. १९१३ च्या अखेरीस फ्लॉरेन्सला ते सापडलं. मधल्या काळात भिंतीवरची रिकामी जागा बघायला लोकांनी रांगा लावल्या होत्या. मोनालिसा म्हणजे फक्त सत्त्याहत्तर बाय त्रेपन्न सेंटिमीटरचं चित्र; तिच्यासमोर आज उभं राहिलं की ऐंशी मोबाइल दिसतात आणि मागून ‘पुढे चला’ असा इशारा येतो. फ्रेंच येत नसलं तरी संभाजीनगरच्या माणसाला त्याचा अर्थ लगेच कळतो. पहिल्या लेण्यातल्या पहारेकऱ्याच्या आवाजाची पट्टी अगदी हीच.

लूव्रमध्ये सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. चार तास ठेवले तर एकेकीच्या वाट्याला अर्धा सेकंदही येत नाही. वडील मात्र तिथे वाहनतळावर बसत नाहीत. बत्तीस युरो भरलेत. ते चार तास उभे राहून प्रत्येक दालन करतात, इजिप्तच्या ममीपाशी आईला बसायला जागा शोधून देतात, आणि हॉटेलवर परत आल्यावर म्हणतात, ‘‘सगळं बघितलं. पण आपल्या वेरूळसारखं नाही.’’ या मताला आधार चौथीच्या सहलीचा असतो.

पॅरिसहून मंडळी पुढे इटलीत उतरतात. मुलाने नेपल्स ठरवलेलं असतं, पाँपेई बघायला. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरात १९३८ मध्ये एक हस्तिदंती बाई सापडली. उंची वीतभराहून थोडी जास्त. केशरचना, कंबरपट्टा, हातभर बांगड्या, सगळं भारतीय. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. ती कुठून गेली असावी, याचा विचार करताना विद्वानांची नजर मराठवाड्यावर येते, कारण अगदी तिच्या वळणाच्या हस्तिदंती बाया जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडल्या आहेत. रोमन काळातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तगर, म्हणजे तेर, दहा दिवसांवर असं लिहून ठेवलं आहे. व्यापाऱ्यांसाठी केलेला हा प्रवासाचा तक्ता आजच्या कुठल्याही एक्सेलपेक्षा प्रामाणिक म्हणायला हवा.

ती पाँपेईची बाई आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यातही ‘गुप्त दालन’ नावाच्या खोलीत, जिथे रोमन लोकांची थेट शृंगारिक चित्रं आणि वस्तू ठेवल्या आहेत. मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय आईवडिलांना मुलासोबत त्या खोलीत शिरून, डावीउजवीकडे न बघता, फक्त आपल्या माहेरच्या बाईसमोर उभं राहायचं असतं. वडील भिंतीवरची पाटी फार बारकाईने वाचतात. आई म्हणते, ‘‘हिची पाटल्यांची ठेवण बघा, अगदी मोठ्या आत्याबाईंची.’’ आणि हे नेपल्सचं संग्रहालय आठवड्यातून कधी बंद असतं? मंगळवारी. वडिलांनी ते निघण्याआधीच विचारून घेतलेलं असतं.

तेरला संत गोरा कुंभारांचं मंदिर आहे आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय आहे. नेपल्सच्या बाईची बहीण तिथली. भोकरदन तर आणखी जवळ. सिल्लोडला अजिंठ्याचा रस्ता सोडून उजवीकडे वळलं की तासाभराच्या आत. इटलीहून परतल्यावर महिनाभर वडील सगळ्यांना पाँपेईची गोष्ट सांगतात, मोबाइलवरचा फोटो मोठा करून दाखवतात. ऐकणारा विचारतो, ‘‘मग तेरची पाहिलीत का?’’

‘‘जायचंय ना,’’ वडील म्हणतात. ‘‘ताई-दाजी येणार आहेत दिवाळीनंतर. त्यांच्याबरोबरच करू. गाडी काय, दोन वेळा कशाला काढायची?’’